आमच्या घरातली जपानीण

चाकापासून वीतभर वर, हवेत तरंगणारा एक पिवळाधमक मडगार्ड... डोळे मिटले की आजही मला पहिल्यांदा तोच दिसतो. त्याखाली लांबलचक चंदेरी पाय, पायांवर वाळलेला तांबडा चिखल, गाठीगाठींच्या रबराचं पुढचं चाक, आणि या सगळ्याच्या वर, अंगणातल्या फणसाच्या खालच्या फांदीला डोकं लागेल की काय अशा बेताने बसलेले माझे बाबा — चवडे जमिनीला जेमतेम टेकलेले, तोल कसाबसा सावरलेला, आणि चेहऱ्यावर नुकतंच लग्न ठरलेल्या मुलाचा आनंद! स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही. आता वाटतं, दारात सवत येऊन उभी राहिली की बाईचा चेहरा तसाच होत असणार.

बाबा पेडण्याच्या बाजारात पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकाला लगेच विमान आठवेल, म्हणून सांगते — आमच्याकडे मोटारसायकलच्या मागच्या सीटवर गिऱ्हाईक बसवून त्याला घरपोच सोडणारा तो पायलट, आणि पुढचा पिवळा मडगार्ड ही त्याची खूण. बसमधून उतरलेल्या माणसाने तो पिवळा रंग हेरायचा, पिशवी मांडीवर घ्यायची आणि 'इब्रामपूर' म्हणायचं, की झालं. बाबांची जुनी गाडी थकली तेव्हा ते दुसरी बघायला म्हापशाला गेले. चार पायलट जशी घेतात तशी, बुटकी, रुंद सीटची, शहाण्यासारखी गाडी घेऊन यायचं ठरलं होतं. आणि ते घेऊन आले हिला!

मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळे काढणाऱ्या कुणा गोऱ्याने ती कुठकुठले देश ओलांडत आणली होती म्हणे. तो मायदेशी गेला, ती मागे राहिली. रीतसर कागद होऊन म्हापशाच्या एका गॅरेजात धूळ खात पडली. वाळवंटात शर्यती लागतात, दगडधोंड्यांतून, वाळूच्या डोंगरांवरून मोटारसायकली उडत जातात — त्या रॅलीतल्या जातीची ही जपानी गाडी. इंजिन इवलंसं, एकशेपंचवीस सीसीचं, पण थाट असा की जणू उद्याच सहारा ओलांडायचाय. असल्या शर्यतीचं एक चित्र बाबांनी कधीतरी कुठल्याशा मासिकातून कापून देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवलं होतं, त्यामुळे गॅरेजात तिला बघताच त्यांचं काय झालं असेल ते मी समजू शकते. हौसेला मोल नसतं म्हणतात. आई म्हणाली, "नाकापरास मोती जड," आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच आवाज करत घासू लागली. त्या दिवसापासून ती गाडीला नावाने हाक मारीना. "ती जपानीण," एवढंच म्हणायची. गावानेही तेच उचललं.

मला मात्र जपानिणीचं वेड लागलं. सकाळी पोदेर आपला भोंपा वाजवत पाव घेऊन यायच्या आधी बाबा पडवीत बसून पेट्रोलात ऑइल मिसळायचे — एरवी ज्यात फेणी भरतात त्या पोटाळ काचेच्या गराफावात, लाकडी दांडीने हलवत, ताक घुसळावं तसं. तो गोडसर, जळका, डोक्यात चढणारा वास... त्यात चुलीतल्या नारळाच्या ओल्या सोडणांचा धूर मिसळायचा, परसातल्या अनंताच्या फुलांचा वास मिसळायचा. मग बाबा किक मारायचे. एकदा, दोनदा — आणि निळ्या धुराचा भपकारा सोडत ती ओरडायची, रिंग-डिंग-डिंग-डिंग! कोंबड्या पळायच्या, गोठ्यातली पाडी दावं ओढायची, आणि मला आनंदाने एका जागी उभं राहवायचं नाही. शाळेपर्यंत मी तिच्यावरून जायचे. वर्गातल्या मुली खाली, शिक्षक खाली, सगळं जग खाली, आणि मी वर!

पण गिऱ्हाइकं? तिथेच घोडं पेंड खात होतं. जपानिणीची सीट माझ्या गळ्यापर्यंत यायची. लुगडं नेसलेली, हातात बाजाराची पिशवी घेतलेली बाई तिच्यावर चढणार कशी? पहिल्याच दिवशी नुस्तं, म्हणजे मासळी, विकणाऱ्या शेवंतीमावशीने रिकामी पाटी कमरेवर धरून गाडी खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आवय गे! ही गाडी काय माड? आदी शिडी हाड रे बाबा!"

बाबा हार मानणारे नव्हते. त्यांनी गावोगावचे गडगे — म्हणजे माडा-पोफळींच्या कुळागरांना, घरांना घातलेले चिऱ्यांचे बुटके बांध — हेरून ठेवले. गडग्याला गाडी चिकटवायची, "मावशे, वयर चड आनी थंयसून बस," असं म्हणायचं. गिऱ्हाईक आधी गडग्यावर, तिथून सीटवर. उतरतानाही तसंच. आता सगळ्यांच्या घरापुढे सोयीचा गडगा असतो थोडाच? एका ढेरपोट्या तलाठ्याला बाबांनी त्याच्या दारापुढून तीनदा पुढे-मागे नेलं, कारण उतरायला जागाच सापडेना. शेवटी तो शेजाऱ्याच्या गोठ्याच्या कट्ट्यावर उतरला. अशा गोष्टी गावात हसत हसत फिरतात, आणि हसणारी माणसं दुसऱ्याच्या गाडीवर बसतात.

पावसाळा लागला, बाबांच्या खेपा दिवसेंदिवस कमी होत गेल्या. आई दुपारी परड्यातली भेंडी, काकडी टोपलीत भरून स्वतः बाजारात नेऊ लागली. भांडण असं झालं नाही. एके दिवशी जेवताना तिने बाबांच्या पानात पेज वाढली आणि शांतपणे म्हणाली, "चवथ जाईसर बघतंय. तोवर लोक बसले तर बसले. नाजाल्यार हिका म्हापशाक न्हेवन दिया, आनी चार लोकांसारकी गाडी हाडा."

बाबांनी होकाराची मान हलवली. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही, कारण मला रडू आलं असतं. त्या दिवसापासून श्रावण मला वैऱ्यासारखा वाटू लागला. चतुर्थीची वाट न बघणारी गावातली मी एकटीच मुलगी असेन.

आता थोडं घरातलं सांगायला हवं. बाबांचे थोरले भाऊ, आप्पा, आमच्याच कुळागराच्या पलीकडे मूळ घरात राहत. वाटण्या झाल्या तेव्हा कुठल्यातरी माडावरून की पाटाच्या पाण्यावरून शब्दाला शब्द लागला आणि दोघा भावांचं बोलणं तुटलं. आमच्याकडे भावांच्या चुली वेगळ्या होतात, शेतं वेगळी होतात, पण गणपती एकच राहतो. चवथीला सगळे मूळ घरात जमतात. आमच्यात तोही वेगळा झाला. बाबांनी आमच्या दोन खोल्यांत आपला गणपती आणायला सुरुवात केली, आणि गावाने तोंडात बोटं घातली. घरच्याच एका फणसाच्या खोडाचे दोन पाट सुताराने कापून दिले होते, एक आप्पांना, एक बाबांना. दरवर्षी नागपंचमीच्या सुमाराला ते पाट मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे त्याच्या कारखान्यात, जायचे, आणि ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती घडायचा.

ही गणपतीची शाळा डिचोलीच्या रस्त्याला, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाड्यावर होती. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे जिला तय म्हणतात त्या दिवशी, सगळा वाडा मिळून एक टेंपो करायचा आणि गणपती घेऊन यायचा. त्या वर्षी तयेच्या पहाटे पाऊस जो कोसळला तो थांबेचना. व्हाळ फुगला, रस्त्यावरच्या मोरीवरून तांबडं पाणी धो धो वाहू लागलं. टेंपो अलीकडे, गणपती पलीकडे! घरात गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधून तयार — कवंडळं, नारळांची पेंड, सुपाऱ्यांचा घोस, रानातून आणलेली कळलावीची फुलं — आणि खाली चौरंग रिकामा. दुपार कलली. आप्पा तर सकाळपासून छत्री घेऊन त्या पाण्यापाशी उभे होते, असं कुणीतरी सांगत आलं. पूल नाही, होडी नाही, आणि उद्या सकाळी पूजा.

बाबा पडवीत येरझाऱ्या घालत होते. मग एकदम थांबले आणि डोंगराकडे बघू लागले. आमच्या गावाच्या माथ्यावर सडा आहे, मैलोगणती पसरलेला कातळ. व्हाळ तिथूनच उगम पावतो. उगमाच्या वरून वळसा घेतला तर पलीकडच्या वाड्यावर उतरता येतं, पण ती वाट गुराख्यांची. तिथून टेंपो तर सोडाच, साधी मोटारसायकलही जात नाही, आई म्हणाली.

"साधी," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गाडी आणली त्या दिवसाचं हसू परत आलं.

मूर्ती धरायला मागे कुणीतरी हवं. जड माणूस नको. आईने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. मग आत जाऊन आपलं जुनं नऊवारी घेऊन आली आणि बाबांच्या हातात देत म्हणाली, "बायक न्हिया. गणपतीक आनी तिका घट बांदा." बाय म्हणजे मी.

...ती चढण! अजून माझ्या गुडघ्यांत आहे. पाण्याने धुपलेली वाट, मध्ये मध्ये उघडे पडलेले दगड, दोन्ही बाजूंनी तेरडा कमरेएवढा वाढलेला, आणि जपानीण घुर्र घुर्र करत, मागचं चाक उधळत, चिखलाची तांबडी कारंजी उडवत वर वर चढतेय! बाजाराच्या डांबरी रस्त्यावर जी गाडी सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती, तिच्या अंगात इथे वारं शिरलं होतं. बाबा पायदानांवर उभे राहिले. "बाय, उबी ऱ्हव! गुडघे सैल सोड!" मी उभी राहिले. दगड खाली येत, गाडी उसळे, पण आम्ही उभेच्या उभे, वरच्या वर. आणि सडा आला. हिरवा, अफाट, पाण्याच्या आरशांनी भरलेला, इवल्याशा जांभळ्या फुलांनी पार रंगून गेलेला सडा, आणि त्यावर आम्ही दोघंच! बाबांनी गिअर टाकला आणि ते ओरडले, अगदी लहान मुलासारखे. मग मीही ओरडले. पाऊस तोंडावर टोचत होता. आयुष्यात इतका आनंद मला पुन्हा झाला असेल, पण त्याहून जास्त नक्की नाही.

शाळेत पोचलो तेव्हा मूर्तिकार दिव्याच्या वाती करत बसला होता. आज कुणी येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. वीज गेलेली, खोलीत ओल्या मातीचा आणि रंगाचा वास, आणि भिंतीशी ओळीने गणपती बसलेले, सगळ्यांवर डोक्यापासून पायांपर्यंत कोरं फडकं. पाटावर खडूने आडनाव. बाबांनी 'गावस' वाचलं, फणसाचा पिवळा पाट ओळखला, नमस्कार करून मूर्ती उचलली. मूर्तिकाराने दिलेल्या मेणकापडात गुंडाळलेली मूर्ती त्यांच्या पाठीला, मूर्तीमागे मी, आणि आम्हा तिघांभोवती आईच्या नऊवारीचे वेढे. परतताना बाबा ओरडले नाहीत. सडाभर ते उभ्याने, श्वास रोखल्यासारखे चालवत होते, आणि मी दोन्ही हातांनी गणपतीला पोटाशी धरून मनात एकच घोकत होते — सोंड मोडू नये, हात मोडू नये, आणि देवा, उद्या हिला कुणी नेऊ नये.

अंगणात शिरलो तेव्हा आई ताम्हन घेऊन दारातच होती. वाड्यातली बायका-मुलं जमली. तिने बाबांच्या पायांवर पाणी घातलं, मूर्तीला ओवाळलं, बाबांनी उंबरा ओलांडून गणपती चौरंगावर ठेवला, आणि आईने मेणकापड आणि फडकं काढलं.

 आमच्या गणपतीचं सोवळं तांबडं असायचं. याचं पिवळं होतं. डोक्यामागे नाग होता. मूळ घरातला, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला तोच थाट... बाबांनी आप्पांचा गणपती उचलून आणला होता! पाट एकाच खोडाचे, आडनाव एकच, मूर्ती झाकलेली. गावस आम्हीही होतो आणि तेही.

बाबा मटकन खाली बसले. परत न्यावा तर उंबरा ओलांडून, पाय धुऊन, ओवाळून घेतलेला देव परत कसा पाठवायचा? ठेवावा तर उद्या सकाळी आप्पांच्या चौरंगावर काय? आणि आप्पा काय म्हणतील — मुद्दाम आणला म्हणतील! जपानिणीची कीर्ती आता सात गावांत होणार होती.

कुणीतरी व्हाळापाशी निरोप नेला असावा. भिजलेली छत्री मिटत आप्पा आमच्या अंगणात आले. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच त्या दारात उभे होते. उंच, स्थूल, कपाळाला गंध, डोक्यावर काळी टोपी. आत डोकावून त्यांनी आपला गणपती बघितला आणि हात जोडले. बराच वेळ जोडलेलेच ठेवले.

बाबा उठले. "आप्पा, चूक जाली. आमचो अजून थंयच आसा. तो हाडतंय. औंदा तो तुझ्याकडे ऱ्हांवदी, तुझो हंय."

 मी आईचा हात घट्ट धरला होता. मग आप्पा खाकरले आणि म्हणाले, "एकटो कसो धरतलं? मी येतंय फाटीर."

आणि मग, वाचकहो, आमच्या गावाने ते दृश्य बघितलं! आप्पा — वाटेत कुणाला वाट न देणारे, देवळात पहिल्या मानाचे आप्पा — धोतराचा काचा मारून आमच्या गडग्यावर चढले, तिथून एक पाय पलीकडे टाकून जपानिणीवर बसले, आणि भावाचे खांदे धरले. गाडी खाली दबली, कण्हली. शेवंतीमावशी तोंडाला पदर लावून हसता हसता खाली बसली. "आप्पानू, शिडी हाडू?" तिने विचारलंच. बाबांनी किक मारली, आणि धुराच्या ढगातून दोघे भाऊ डोंगराकडे गेले. चढणीवर कुठूनतरी आप्पांचं ओरडणं ऐकू आलं, "दाजी, हळू रे मेल्या!" — इतक्या वर्षांनी भावाला नावाने मारलेली ती पहिली हाक सगळ्या वाड्याने ऐकली.

पाऊस उघडला होता. कातरवेळेला सड्याच्या कडेवर आधी आवाज आला आणि मग ती तिघं दिसली. पुढे बाबा, मागे आप्पा, मधे आमचा, तांबड्या सोवळ्याचा गणपती. दोघे चिखलाने असे माखले होते की कोण थोरला, कोण धाकटा ते कळेना. गाडी मूळ घराच्या अंगणात गेली. बाबांनी तिथे पाय ठेवला, आणि आम्हीही सगळ्यांनी कुळागरातून पळत जाऊन तिथे पाय ठेवला. त्या रात्री हळदीच्या पानातल्या पातोळ्या कुणाच्या घरच्या कुणी खाल्ल्या त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी आईला हळूच विचारलं, चवथ झाली, आता? आई जपानिणीकडे बघत होती. गाडीच्या हँडलला कुणीतरी आबोलीचा वळेसर बांधला होता. "ऱ्हांवदी," ती म्हणाली. "सवत जाल्यार जाली. पायगुण बरो आसा तिचो."

गिऱ्हाइकं? आलीच ती. आप्पा ज्या गाडीवर बसले तिच्यावर बसायला कुणाला कसली लाज! पावसात वाट बंद झाली, कुणाचं औषध आणायचं राहिलं, की माणसं दाजी पायलटाला शोधत येत. दरवर्षी तयेला दोन्ही घरचे गणपती सड्यावरून, एकामागून एक येत, व्हाळावर पूल झाला त्यानंतरसुद्धा. मग सुटे भाग मिळेनासे झाले. बाबा म्हातारे झाले. आप्पा गेले. सड्यावर आता विमानं उतरतात, त्या जांभळ्या फुलांच्या जागी धावपट्टी आणि कुंपण आहे. दोन वर्षांपूर्वी बाबाही गेले, आणि जपानीण पडवीत चादरीखाली उभी राहिली.

मी डिचोलीला शाळेत शिकवते. आई अजून गावातच असते. गेल्या महिन्यात जुन्या रॅली-गाड्या शोधून दुरुस्त करणारा एक तरुण माझा पत्ता काढत आला. मी त्याला घेऊन घरी गेले. आई म्हणाली, "आदी चालू करून दाखय." तो सकाळपासून गाडी उघडून बसला. आई आत स्वयंपाक करत होती. दुपारी, बऱ्याच किका मारून झाल्यावर, एकाएकी ती ओरडली — रिंग-डिंग-डिंग-डिंग! तोच आवाज, तोच निळा धूर. मी थोडा वेळ तिथेच उड्या मारल्या, मग टाळ्या वाजवत आत धावले, आईला सांगायला.

आईने बाबांचा पाट मांडला होता. पान वाढलं होतं — भात, माशांचं हुमण, कडेला मीठ, तांब्यात पाणी. ती पळीने भातावर अजून थोडं हुमण घालत होती आणि दाराकडे न बघता म्हणाली, "हात धुवन येवा. निवता."

मी दारातच थांबले. मग तिचं तिलाच उमगलं. पळी तिने भांड्यात ठेवली. बाहेर आवाज चालूच होता. शेवटी ती उठली, पडवीत गेली आणि त्या मुलाला म्हणाली, "ये रे पुता. पान वाढलंय. जेव." तो त्या पाटावर बसून पोटभर जेवला, आणि आईने त्याला पुन्हा भात वाढला.

"घेवन जा तिका," हात पुसत ती म्हणाली. "बंद दवरू नाका मात्र."

तो गेला तेव्हा आई अंगणाच्या टोकापर्यंत गेली. गाडी कुळागर ओलांडून वळणावर पोचली, तिथे आवाज जरा खाली आला, मग पुन्हा चढला आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेने विरत गेला. आई कान देऊन ऐकत होती.

"सांबाळून चालयता," ती म्हणाली. "तुझो बापूस त्या वळणार कदी ब्रेक मारी नाय."